शाळेची धुरा आणि स्त्रीचे नेतृत्व

(तालुका शिक्षक-शिबिरातील व्याख्यान)



खेड्यातील शाळेत एखादा पाहुणा येतो. कार्यालयात दोन व्यक्ती बसलेल्या असतात : खुर्चीवर पोक्त वयाच्या बाई आणि बाजूच्या स्टुलावर नुकताच नोकरीस लागलेला एक तरुण शिक्षक. पाहुणा बाईंकडे न पाहता तरुणाला नमस्कार करतो आणि विचारतो, "मुख्याध्यापक आपणच ना?" तरुण गोंधळतो, बाई स्मित करतात, पाहुणा ओशाळतो आणि प्रसंग हसण्यावारी जातो. हा प्रसंग इतका नित्याचा आहे की त्यात कोणाला अपमान वाटेनासा झाला आहे. परंतु ज्या वर्गाच्या खिडकीतून मुले-मुली हे पाहत असतात, त्या वर्गात त्या दिवशी एक धडा न शिकवताच शिकवला जातो. शाळेचा कारभार बाईंच्या हाती असला, तरी तो खरा पुरुषाचाच, असा तो धडा होय.

कार्यक्षेत्रात स्त्रीचे नेतृत्व कशामुळे यशस्वी होते, या प्रश्नाचा विचार म्हणूनच शाळेपासून दूर जाऊन करण्याचे कारण नाही. तो प्रश्न शाळेच्या उंबरठ्यावरच उभा आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर सर्वांच्या जिभेवर तयार असते. स्त्री ही मूलतः माता. तिच्या ठायी ममता, सहनशीलता आणि त्याग हे गुण उपजत असतात. म्हणून ती संस्था घरासारखी सांभाळते, असे ते उत्तर. ते ऐकावयास गोड आहे. तथापि ते पुरतेपणी खरे नाही, आणि थोडेसे घातकही आहे. ममता हा गुण थोर खरा, पण तो पुरुषांतही असतो, आणि सर्व स्त्रियांत सारखाच असतो असेही नाही. शिवाय नेतृत्व हा मातृत्वाचाच विस्तार मानला, की ज्या मुख्याध्यापिका कडक शिस्तीच्या आहेत, हिशेबात काटेकोर आहेत, चुकीच्या गोष्टीस स्पष्ट नकार देतात, त्यांना 'बाईमाणसाला हे शोभत नाही' असे ऐकावे लागते. पुरुषाच्या ठिकाणी जो करारीपणा, तोच स्त्रीच्या ठिकाणी कजागपणा ठरतो. तेव्हा स्तुतीच्या या गोड बेडीपासून प्रथम सावध राहिले पाहिजे. नेतृत्व ही जन्माने मिळणारी देणगी नव्हे. ते कामातून घडते आणि कामावरूनच त्याची पारख होते. याचे एक उत्तम उदाहरण महाराष्ट्राच्या प्राथमिक शिक्षणाच्या इतिहासातच आहे.

ते उदाहरण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे. ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा, मुंबईचा. मुलींनी चार बुके शिकणेही जेथे अपूर्वाईचे होते, त्या काळात १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. पुढे राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी भूषविले. पगार, मान, बंगला या सर्व गोष्टी असलेली ती नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात बालशिक्षणाच्या प्रयोगात सामील झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. १९३६ साली दादर येथे शिशुविहार सुरू झाले. शहरातील बालशिक्षणात एवढे नाव झाल्यावर दुसऱ्या कोणी तेथेच स्थिर होण्यात धन्यता मानली असती. परंतु मादाम माँटेसरी यांची पद्धती आणि तिची महागडी साधने ही केवळ शहरातील सुखवस्तू मुलांसाठीच राहणार काय, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील समुद्रकाठच्या बोर्डी या गावी गेल्या. हा प्रदेश २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो.

त्यांच्याबरोबर ज्या गेल्या त्या अनुताई. १९१० साली मोरगावी जन्मलेल्या अनुताईंना बालविवाहानंतर अल्पावधीतच वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीच्या वाट्यास काय येत असे, हे नव्याने सांगावयास नको. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. प्रथम नाशिककडील खेड्यात आणि नंतर पुण्यात हुजूरपागेत त्यांनी अध्यापन केले. नोकरी करीत करीत त्यांनी आपले पुढचे शिक्षण पुरे केले. ताराबाई वयाने अठरा वर्षांनी मोठ्या, विद्यापीठाची पदवी मिळविलेल्या, देशभर परिचित. अनुताई एक साधी, अनुभवी शिक्षिका. अशा या दोघींनी मिळून जे कार्य केले, त्याकडे केवळ आदराने नव्हे, तर अभ्यासकाच्या दृष्टीने पाहिले पाहिजे.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली. साधने मांडली, जागा झाडून स्वच्छ केली, वेळ ठरविली. गावातील बऱ्या स्थितीतील घरांची मुले येऊ लागली. परंतु ज्यांच्यासाठी शहर सोडून येथवर आलो असे या दोघींना वाटत होते, ती हरिजनवाड्यातील आणि गरीब वस्तीतील मुले येईनात. अशा वेळी नेहमीचा उपाय म्हणजे पालकांना दोष देणे. 'या लोकांना शिक्षणाचे महत्त्वच नाही' असा शेरा अहवालात लिहिला, की कार्यकर्त्याची जबाबदारी संपते. ताराबाईंनी तसा शेरा लिहिला नाही. मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांकडे जावे, असा त्यांनी निर्णय घेतला आणि बालवाडी उचलून वस्तीतील अंगणात नेली. कार्यकर्त्या सकाळी वस्तीत जात. मुलांना न्हाऊमाखू घालीत, त्यांची नखे कापीत, गाणी-गोष्टी सांगत आणि अंगणातच शिकवीत. 'अंगणवाडी' ही कल्पना अशी अडचणीतून जन्मली. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना आज देशभर 'अंगणवाडी' म्हणतात, हे सर्वांना माहीत आहेच.

१९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारली समाजाची वस्ती. अडचणीही निराळ्या. थोडी मोठी मुले गुरे राखावयास रानात जात. म्हणून जेथे गुरे चरत तेथेच शिक्षक पोहोचला आणि 'कुरणशाळा' निघाली. मुली शाळेत येईनात, कारण कडेवर धाकटे भावंड असे. आईबाप मजुरीला गेल्यावर ते कोणी सांभाळावे? तेव्हा बालवाडीला पाळणाघर जोडले गेले. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि थोरले प्राथमिक वर्गात, असे एकाच छपराखाली तिन्हींचे शिक्षण चालू लागले. त्या प्रयोगास 'विकासवाडी' हे नाव मिळाले. साधनांसाठी पैसा नव्हता. तेव्हा खडे, शिंपले, पाने, बिया, काड्या हीच साधने झाली. मोजावयास शिकणाऱ्या मुलाला परदेशी लाकडी मण्यांपेक्षा आपल्या रानातील चिंचोके अधिक ओळखीचे असतात, हे त्यात सिद्ध झाले.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण हा किताब मिळाला. १९७३ साली त्यांचे निधन झाले. अनेक संस्था संस्थापकाबरोबरच मावळतात, हा नित्याचा अनुभव आहे. येथे तसे झाले नाही. अनुताईंनी ती धुरा पुढे जवळजवळ वीस वर्षे, म्हणजे १९९२ साली त्यांचे निधन होईपर्यंत वाहिली. त्यांनाही १९८४ साली पद्मश्री मिळाली. ताराबाईंनी अनुताईंना आपल्या सावलीत ठेवले नव्हते; उजेडात उभे केले होते, याचाच हा पुरावा होय.

या इतिहासातून नेतृत्वाची कोणती लक्षणे निघतात?

पहिले लक्षण हे की, नेता कामाच्या जागी स्वतः जातो. मुलगी गैरहजर का, याचे उत्तर हजेरीपटात सापडत नाही. ते तिच्या कडेवरच्या भावंडात सापडते. तेथवर ज्याची नजर पोहोचते, त्यालाच पाळणाघराची कल्पना सुचते. घर, पाणी, चूल, लेकरे यांचा भार बहुधा स्त्रियांवर असल्यामुळे या अडचणी त्यांच्या ध्यानात लवकर येतात, एवढे खरे. हा अनुभवाचा भाग आहे, रक्ताचा नव्हे. आणि जो पुरुष शिक्षक वस्तीत जाऊन बसतो, त्यालाही तो साध्य आहे.

दुसरे लक्षण हे की, आपली योजना फसली हे कबूल करण्यास नेता कचरत नाही. बोर्डीची पहिली मांडणी अपुरी पडली. ती तशीच रेटण्याचा अट्टाहास झाला असता, तर अंगणवाडी जन्मलीच नसती.

तिसरे लक्षण, हाती असलेल्या साधनांत काम उभे करणे. आणि चौथे, सर्वांत अवघड लक्षण म्हणजे आपल्यामागे काम चालविणारी माणसे आपल्या हयातीतच तयार करणे आणि त्यांच्या हाती खरा अधिकार देणे. बोर्डी-कोसबाडला बालवाडीबरोबरच बालसेविकांच्या प्रशिक्षणाकडे जे लक्ष पुरविले गेले, त्याचे कारण हेच. याच दृष्टीने मागे पाहिले, तर रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाल्यावर स्त्रियांना शिक्षिका आणि परिचारिका म्हणून तयार करण्यावर एवढा भर का दिला, याचा उलगडा होतो. आणि सावित्रीबाई फुले आधी स्वतः शिकून १८४८ साली पुण्यातील मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या, तेव्हा त्या शाळेबाहेर पडणारी प्रत्येक मुलगी ही त्यांच्या कार्याची पुढची कडी होती. या सर्व स्त्रिया व्यक्ती म्हणून थोर होत्याच. पण त्यांचे काम टिकले ते त्यांनी माणसे घडविली म्हणून.

येथवरचे विवेचन ऐकून एखादी शिक्षिका मनात म्हणेल, हे सारे मान्य. परंतु ताराबाई आणि अनुताई यांनी अवघे आयुष्य कामाला वाहिले होते. घरी सासूसासरे, शाळकरी मुले, पाच वाजताची एसटी आणि सकाळचे पाणी भरणे, एवढे सांभाळून जी शाळेत येते, तिने काय करावे? हा प्रश्न रास्त आहे. त्याला थोर चरित्रांची उदाहरणे हे उत्तर होऊ शकत नाही. स्त्रीने नेतृत्व करावयाचे तर तिने संन्यासिनी व्हावे, अशी अट घालणारा समाज स्त्रीला नेतृत्वाची संधी देत नसून शिक्षा देत असतो. बढतीचा हुकूम येताच काही शिक्षिका तो नम्रपणे नाकारतात. त्या वेळी 'बायकांना जबाबदारी नको असते' असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु नवी शाळा वीस मैलांवर असेल, मासिक सभा दिवेलागणीपर्यंत लांबत असेल आणि घरचे काम वाटून घेणारे कोणी नसेल, तर तो नकार जबाबदारीला नसतो. त्या मांडणीला असतो. मांडणी बदलली तर नकारही बदलतो.

दुसरी एक गोष्ट याहून सूक्ष्म आहे. ती म्हणजे लोकमताची. १९९२ सालच्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने देशभरच्या पंचायतींत स्त्रियांना एकतृतीयांश जागा राखून ठेवल्या; महाराष्ट्राने तर २०११ साली स्थानिक स्वराज्य संस्थांतील हे प्रमाण निम्म्यावर नेले. या राखीव जागा पाळीपाळीने निरनिराळ्या गावांकडे जात असल्यामुळे अर्थशास्त्रज्ञांना तुलनेची मोठीच सोय झाली. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर दुफ्लो यांनी पश्चिम बंगाल व राजस्थान या राज्यांतील पंचायतींचा अभ्यास करून २००४ साली तो प्रसिद्ध केला. जेथे प्रमुखपद स्त्रीकडे होते, तेथे पिण्याच्या पाण्याच्या सोयीवर अधिक खर्च झालेला आढळला. आणि पाण्याची तक्रार गावातील स्त्रियांचीच अधिक होती. अधिकार कोणाच्या हाती आहे यावर कोणते दुःख ऐकले जाईल हे अवलंबून असते, एवढे त्यावरून स्पष्ट झाले.

परंतु पुढचे निरीक्षण अधिक विचार करावयास लावणारे आहे. पश्चिम बंगालमधील खेड्यांत ग्रामस्थांना एका पंचायत प्रमुखाचे भाषण ऐकविण्यात आले. मजकूर तोच, काहींना तो पुरुषाच्या आवाजात, काहींना स्त्रीच्या आवाजात. ज्या गावांनी स्त्री प्रमुख कधीच पाहिली नव्हती, तेथील पुरुषांनी स्त्रीच्या आवाजातील तेच भाषण कमी प्रभावी ठरविले. ज्या गावांनी स्त्रीचा कारभार पाहिला होता, तेथे हा भेद उरला नव्हता. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असेही दिसले, की प्रथमच प्रमुख झालेल्या स्त्रीला प्रत्यक्ष कामापेक्षा कमी श्रेय मिळाले. दुसऱ्यांदा स्त्री त्या पदावर आली, तेव्हा लोक तिला पुरुषाच्याच मापाने मोजू लागले. याचा अर्थ असा, की गावातील पहिली मुख्याध्यापिका आपल्या वाट्याचे श्रेय बहुधा आपल्यामागून येणाऱ्या दुसरीला देऊन जाते. ती मागे हटली, तर ते मोजमाप पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

आणि याचा परिणाम केवळ मोठ्यांपुरता राहात नाही. त्याच राज्यातील ४९५ खेड्यांत झालेला आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की जेथे दोन मुदती स्त्रीकडे प्रमुखपद राहिले, तेथे आईबापांच्या मुलगा आणि मुलगी यांच्याविषयीच्या आकांक्षांतील अंतर कमी झाले, मुलींनी मुलांच्या बरोबरीने शिक्षण घेतले आणि त्यांचा घरकामात जाणारा वेळही घटला. त्या मुलींना कोणी उपदेश केला नव्हता. त्यांनी फक्त पाहिले होते.

मग शाळेत करावयाचे काय? त्यासाठी नवा निधी लागत नाही की नवे परिपत्रक लागत नाही.

जी बाई पदावर आहे, तिच्या हाती पदाची सर्व कामे खरोखर असावीत. कपाटाची किल्ली, बँकेचा व्यवहार, बांधकामाची मोजमापे, ठेकेदाराशी बोलणी ही कामे 'बाई, राहू द्या, ते मी पाहतो' असे म्हणून सहकारी उचलतात, तेव्हा त्यात सौजन्य असते. पण सौजन्याच्या त्या एकेका वाक्याने अधिकार कणाकणाने सरकत जातो. गावात सरपंच बाई आणि कारभार पतिराजांचा, हे चित्र ज्यांना खटकते, त्या शिक्षकांनी शाळेत तेच चित्र उभे करू नये. न येणारे काम बाईंनी सहकाऱ्याकडून शिकून घ्यावे, आणि सहकाऱ्याने ते शिकवावे; करून देऊ नये.

कामाच्या वाटणीत रांगोळी, स्वागतगीत आणि पाहुण्यांचा चहा शिक्षिकांकडे, तर क्रीडास्पर्धा, तक्ते आणि तालुक्याच्या फेऱ्या शिक्षकांकडे, ही परंपरा एकदा तपासून पाहावी. वर्षाआड पाळी बदलली तरी पुष्कळ साधेल. सभा शाळेच्या वेळेत सुरू होऊन वेळेतच संपावी. सभेला उशिरापर्यंत बसणे हे कर्तव्यनिष्ठेचे लक्षण नसून बहुधा ढिसाळ नियोजनाचे लक्षण असते.

शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. कागदावर त्या असतात. परंतु सतरंजीच्या मागच्या कडेला पदर सावरून बसलेली आणि शेवटी सही करून जाणारी सदस्या ही सदस्या नव्हे. तिचे मत नावाने विचारावे. पहिल्या सभेत ती गप्प राहील, दुसऱ्या सभेत कदाचित पाण्याच्या टाकीविषयी बोलेल, आणि तिसऱ्या सभेत मुलींच्या मोडक्या शौचालयाचा प्रश्न तीच काढील, जो आजवर कोणाच्याही अहवालात आला नव्हता.

वर्गातही हेच. वर्गनायक मुलगा आणि उपनायिका मुलगी, हा क्रम कोणी ठरविला? तो बदलावा, आणि मुलगी वर्गनायिका झाल्यावर मुलांनी तिचे ऐकले नाही, तर शिक्षकाने स्वतः दरडावून वर्ग शांत करू नये. तिला थोडा अवधी द्यावा, तिच्यामागे उभे राहावे. अधिकार वापरण्याचा सराव हाही अभ्यासक्रमाचाच भाग आहे.

स्त्री प्रमुख झाली म्हणजे शाळा आपोआप सुधारते, असा भाबडा दावा कोणी करू नये. आळशी मुख्याध्यापिकाही असू शकते, पक्षपातीही असू शकते. आणि तशी ती असल्यास तिला तसे म्हणण्यास संकोच नको. समान मापाचा अर्थच तो. फक्त एवढे पाहावे, की एका पुरुष मुख्याध्यापकाच्या चुकीने 'हा मुख्याध्यापक चुकला' असे म्हटले जात असेल, तर एका स्त्रीच्या चुकीने 'बायकांचा कारभार असाच' असे म्हटले जाऊ नये. एकीच्या चुकीचा दंड सर्वजणींकडून वसूल करणे हा न्याय नव्हे.

नव्या वर्षाची कामवाटणी लवकरच शाळाशाळांतून होईल. कागद पुढे ओढून नावे लिहिताना जुन्या यादीवरून नजर फिरविण्यापूर्वी, किल्ली कोणाकडे आहे आणि ती तशी का आहे, एवढा एकच प्रश्न प्रत्येक शाळेने स्वतःस विचारावा. म्हणजे पुढच्या खेपेस पाहुणा दारात येईल, तेव्हा स्टुलावरचा तरुण शिक्षक त्याने विचारण्यापूर्वीच उठून उभा राहील आणि म्हणेल, "या. या आमच्या मुख्याध्यापिका." खिडकीतील मुलींना त्या दिवशी निराळा धडा मिळेल.